हिरव्या डब्याचं सील

"तुले वास येते का?"

वाशीमच्या बस स्टँडमागच्या छापखान्यात मी कॉम्प्युटरवर कामाला लागले, त्या दिवशी मला कोणी गाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. काळा एप्रन घातलेला एक उंच, वाळका म्हातारा मशीनच्या खोलीतून दारात आला आणि त्यानं मला एवढंच विचारलं.

"कसला वास?"

"कसलाई. फोडनीचा, शेनाचा, मोगऱ्याचा."

"येतो की."

"मंग पळ इथून. येते तोवर पळ."

आणि तो आत निघून गेला. मालक माझ्याकडे बघून हसले आणि कानाजवळ बोट गोल फिरवून दाखवलं. मीही हसले. नवी नोकरी, त्यातून मालक हसलेले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, पण तिथून सुरुवात करायची तर कुठंही करता येईल. त्या छापखान्यातल्या माझ्या तीन वर्षांत लाज वाटावी असं बरंच आहे.

त्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणायचे. मशीनवर बावीस वर्षं काढलेली. त्याआधी केनवडच्या एका तेलाच्या घाणीवर होते, ती बंद पडली म्हणून वाशीमला आले. घाणीवर असताना डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगायचे म्हणे, करडई कोणत्या शेतातली, चिबाडातली, म्हणजे पाणथळ रानातली, की माळावरची. छापखान्यात आल्यावर दहाएक वर्षांत नाक गेलं. एकदम नाही, हळूहळू. आधी मोगरा गेला, मग हिंग, मग पावसाळ्यातली माती. शेवटी एक दिवस घरात दूध उतू जाऊन करपलं, मामा शेजारच्या खोलीत बसलेले आणि त्यांना कळलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग काम सोडा. मामा हे सांगताना दर वेळी तितकेच चिडायचे. "मले काम सोड म्हने! त्या पिपाले कोनी नाई म्हनलं का बाप्पा तू हे काम सोड!"

ते पीप म्हणजे काय, ते सांगायला हवं. छपाईच्या मशीनवर रंग बदलला की रोलर आणि रबरची चादर धुवावी लागते, नाहीतर लाल पत्रिकेत निळा उतरतो. आमच्याकडे ते धुणं पेट्रोल, घासलेट आणि थिनरच्या मिश्रणानं व्हायचं. निळ्या प्लास्टिकच्या पिपात ते कालवून ठेवलेलं असायचं. चिंधी बुडवायची, रोलरवर फिरवायची, की शाई वितळून खाली. दोन मिनिटांत मशीन कोरडं. ते इतक्या लवकर जायचं कुठं, हे आम्ही कोणी विचारत नव्हतो. खोलीत पंखा लावायची बंदी, कागद उडतो म्हणून. खिडक्या बंद, धूळ येते म्हणून. मग ते जायचं आमच्या छातीत, दुसरीकडे जागाच नव्हती.

धुवायचं काम मंदाबाईचं. चाळिशीची, बोलायला हळू, घरात तीन मुलं आणि कमावणारं दुसरं कोणी नाही. हातमोजे मागितले तर मालक म्हणायचे, चिंधी नीट धरता येत नाही मोज्यांनी. तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली असायची आणि भाकरी थापताना पीठ भेगांत जातं, असं ती सांगायची.

जेवणाच्या सुट्टीत मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. डबा उघडला की विचारायचे, "काय हाये?"

"वांग्याची भाजी."

"ते दिसते मले. वास सांग."

मला सुरुवातीला काही सुचायचं नाही. चांगला आहे, म्हणायची. त्यावर ते भडकायचे. "चांगला म्हनजे काय? शिकलेली हायेस ना? कशात फोडनी देल्ली? शेंगदान्याचं तेल हाये का सोयाबीनचं पाकीट? दाना जळाला का भाजला?" हळूहळू मी शिकले. आईला सकाळी विचारून ठेवायची. एकदा आईनं जवसाची चटणी दिली होती, त्या दिवशी मी बराच वेळ त्या वासाबद्दल बोलले आणि मामा उभ्या उभ्या ऐकत राहिले. मग आत गेले. त्या दिवशी दुपारभर त्यांच्या खोलीतून कुणाला शिवी ऐकू आली नाही.

गिऱ्हाइकं त्यांना भ्यायची. आसेगावकडचा एक शेतकरी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. मामांनी गणपती कोणता, मजकूर कोणता, काही विचारलं नाही.

"औंदा काय पेरलं?"

"सोयाबीन."

"मांगच्या साली?"

"सोयाबीनच."

"जवस काहून नाई? करडई काहून नाई?"

"कोन घेते मामा आता जवस?"

मामांनी शाईचा डबा उचलून त्याच्या नाकापाशी नेला. "हे घे, पाह्य वास घेऊन. हे शाई जवसाच्या तेलात खललेली हाये. तुह्या पोरीच्या पत्रिकेवरचा गनपती जवसानं छापून राह्यलो मी, अन् तू मले इचारून राह्यला कोन घेते!"

शेतकरी बिचारा माझ्याकडे बघायला लागला. पण मामांचं सगळं म्हणणं त्या डब्यातच होतं. शाई तेलाची आहे, तर ती तेलानं सुटली पाहिजे. "तेलाची शाई काहाडाले पेट्रोल कायले?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. आम्ही सगळे हो म्हणायचो आणि पीप भरायचो.

लग्नसराईत एका मंगळवारी दुपारी मंदाबाई पडली. सकाळपासून सातवं धुणं होतं. चिंधी हातात, रोलरवर वाकलेली, आणि तशीच खाली बसत गेली. मामांनी तिला उचलून रस्त्यावरच्या सावलीत आणली. मी पाणी घेऊन गेले. ओठ निळसर झालेले. डोळे उघडल्यावर ती पहिलं म्हणाली, "धुनं अर्धं राह्यलं."

मालक बाहेर आले. "उपाशी असते हे. गुरुवार पकडतात बाया."

"आज मंगळवार हाये," मामा म्हणाले.

"मग मंगळवार पकडला असन."

मामा आत गेले. दोन्ही हातांनी ते निळं पीप उचलून आणलं आणि मालकाच्या मोटरसायकलशेजारी धाडकन ठेवलं. "हे तुमच्या गाडीत टाका शेठ. गाडी चालते याच्यावर. बाई नाई चालत."

रस्त्यावर लोक थांबले होते म्हणून मालक आत निघून गेले. संध्याकाळी पीप पुन्हा जागेवर होतं.

त्यानंतर मामांनी वेडच घेतलं. आधी करडईचं तेल आणलं, साधं, घाणीवरचं. शाई सुटली, पण रोलर असा तेलकट राहिला की दुसऱ्या दिवशीच्या पत्रिकांवर नवरदेवाच्या नावावर डाग. मालकांनी सगळ्यांसमोर त्या पत्रिका त्यांच्या अंगावर फेकल्या. मामांनी एकेक उचलली, रविवारी एकटे येऊन सगळं काम पुन्हा छापून दिलं. मग रिठ्याचं पाणी कालवून पाहिलं. मग चुन्याची निवळी. आठवडाभर छापखान्यात कसला कसला वास यायचा आणि तो मी त्यांना सांगायची.

शेवटी ते कॉलेजात गेले. तिथं रसायनशास्त्राच्या एक मॅडम होत्या. शिपायानं दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा मामा प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून राहिले, तेव्हा मॅडमच बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, तुमची दिशा बरोबर आहे, पण तेल जड आहे, त्याला तोडून हलकं करावं लागतं. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरून ते होतं. खाली ग्लिसरीन बसतं, वर राहतं ते पातळ, पाण्यासारखं. त्यानं शाई धुता येते, जगात धुतातही. पण मिथेनॉल हे विष आहे, ते काम घरी करायचं नाही, इथं प्रयोगशाळेतच करायचं.

"तेल कोनतं?" मामांनी विचारलं.

"तुमच्याकडे भरपूर काय आहे? सोयाबीन."

मामांचा चेहरा पडला असेल. सोयाबीननं त्यांची करडई गिळली, जवस गिळला, घाणी गिळली. पण ते म्हणाले, "ठीक हाये. इतकं खाल्लं त्यानं, आता कामाले लावू त्याले."

पहिली बाटली आणली त्या दिवशी मी मशीनच्या खोलीत गेले होते. मामांनी स्वतः चिंधी भिजवली. काळी शाई रोलरवरून लोण्यासारखी सुटली. मग कोरडी चिंधी, मग पाण्यात पिळलेली चिंधी, आणि रोलर लख्ख. खोलीत घाणीवरच्या तेलासारखा मंद वास होता, बाकी काही नाही. मंदाबाई नाकाला पदर न लावता उभी होती. तिनं बाटलीतले दोन थेंब हातावर घेतले, चोळले आणि म्हणाली, "आग नाई होत." मामा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मालकांनी मोबाइलवर वेळ लावली. जुन्या पद्धतीनं दोन मिनिटं, या पद्धतीनं सात. हे उडून जात नाही ना, पुसून काढावं लागतं.

"एका धुन्याले पाच मिनिटं जास्त. दिवसाचे आठ धुने. चाळीस मिनिटं मशीन उभी ठेवू का मी?"

"अन् बाई किती मिनिटाची हाये शेठ?" मामांनी विचारलं.

मालकांनी मोबाइल खिशात टाकला. बाटली बंद झाली. मामा आपल्या पाळीत ती लपूनछपून वापरायचे आणि मालक आले की पिपाचं झाकण उघडं करून ठेवायचे, वास यावा म्हणून. ज्या माणसाचं नाक त्या वासानं गेलं, त्यानं तोच वास मालकासाठी पसरून ठेवायचा.

मग वर्षभरानं एक मोठं काम चालून आलं. बियाणं विकणारी एक बाहेरची कंपनी, तिची माहितीपत्रकं आणि पिशव्यांवरची लेबलं. तिची अट अशी की छापखाना पर्यावरणपूरक हवा, तपासायला माणसं येतील. आठ दिवसांत मालकांनी शहरातून एक डबा मागवला. हिरवा, पानाचं चित्र असलेला, वर इंग्रजी अक्षरं. मामांनी तो माझ्याकडे आणला. "वाच."

मी वाचलं. छपाईची शाई धुण्याचं द्रावण, वनस्पतीजन्य, सोयाबीन तेलापासून बनवलेलं.

"अजून एकदा वाच."

पुन्हा वाचलं. मामांनी डबा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. मला वाटलं होतं ते चिडतील. ते खूश झाले. "चाला, कोनाच्या का हातानं होईना. मंदाबाई, उद्यापासून हे!"

तो उद्या आला नाही. मालकांनी डबा दर्शनी कपाटात ठेवला, सीलबंद. "हे तपासनीच्या दिवसासाठी हाये. रोज वापरलं तर कामं कधी निघतीन?" आणि मला पाटीसाठी मजकूर दिला. मी तो टाइप केला, अक्षरं मोठी केली, कोपऱ्यात एक हिरवं पान टाकलं. 'आमच्या छापखान्यात केवळ वनस्पतीजन्य द्रावक वापरले जाते. निसर्गाचे आणि कामगारांच्या आरोग्याचे रक्षण हीच आमची बांधिलकी.' 'कामगारांच्या आरोग्याचे' हे शब्द मालकांच्या मजकुरात नव्हते. ओळ भरायला कमी पडत होती म्हणून ते मी घातले.

तपासणीला दोघं आले. पांढरे शर्ट, हातात टॅब. निळं पीप संडासात नेऊन ठेवलं होतं आणि त्या एका दिवसापुरत्या खिडक्या उघड्या होत्या. त्यांनी पाटी वाचली, कपाटातला डबा पाहिला, फोटो काढला. मग मामा एप्रनला हात पुसत पुढं झाले.

"साहेब, त्या डब्याचं सील पाहा."

"म्हणजे?"

"फुटलेलं नाई. तीन महिने झाले आनून. मंग आमी रोज कशानं धुतो, ते इचारा."

मालक हसत मध्ये आले. "साहेब, यांचं वय झालं. नाकाले वास येत नाई यांच्या, यांना काय माहीत कोनतं पीप कशाचं हाये."

मामांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यानंतर विसरले नाही.

पांढऱ्या शर्टांतला एक मंदाबाईकडे वळला. "बाई, तुम्ही धुता ना? काय वापरता?"

मंदाबाईनं मालकांकडे पाहिलं. मग जमिनीकडे. हात पदराखाली घेतले. "हिरव्या डब्यातलं," ती म्हणाली.

मग तो माझ्याकडे वळला. मी पदवीधर. माझ्या घरात वडिलांची पेन्शन होती. मला वाशीममध्ये दुसरीकडे काम मिळालं असतं, दोन ठिकाणी विचारणाही झाली होती.

"मी कॉम्प्युटरवर असते," मी म्हटलं. "मला आतलं माहीत नाही."

त्यानं टॅबवर बोट टेकवलं. झालं. दोघांनी चहा घेतला, मालकांनी डब्यासोबत त्यांचा फोटो काढला. पाटीवर सावली पडत होती म्हणून ती मीच सरळ धरली.

मामांनी एप्रन काढला, घडी केली, मशीनवर ठेवली. जाताना माझ्या टेबलाशी थांबले. आवाज चढवला नाही, आणि तेच सहन झालं नाही. "तिच्या घरी तीन तोंडं हायेत. तिचं मले समजते. तुले काय झालतं?"

मी स्क्रीनकडे बघत राहिले.

मंदाबाईचं खोटं तिला अडीच महिने पुरलं. कंपनीचं काम वाढलं, धुणी वाढली, ती पुन्हा दोनदा पडली आणि मालकांनी तिला सांगितलं की उद्यापासून येऊ नका, आमच्यावर बालंट येईल. माणूस विझत चाललं, तर याला आपल्यावरच्या बालंटाची काळजी. त्या दिवशी मीही काम सोडलं. पण तेव्हा सोडण्यात काही मोठेपणा नव्हता. सोडायचा दिवस वेगळा होता आणि तो होऊन गेला होता.

पुढं मी मंगरूळपीरला स्वतःचा छोटा छापखाना टाकला. जुनं मशीन, एकच खोली, धुवायला मीच. पहिल्या दिवशी मशीन विकणाऱ्यानं एक कॅन सोबत दिला. झाकण उघडलं, तो वास आला आणि मी ते तसंच बंद करून बाहेर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाशीमची बस धरली.

मामांचं घर गावाच्या कडेला. मागं पत्र्याची शेड, तिथं मामा आता सोयाबीनचं ते द्रावण विकायला तयार करत. मिथेनॉलचं काम अजूनही मॅडमच्या प्रयोगशाळेतच होतं, शेडमध्ये त्याचं पुढचं धुणं, गाळणं, भरणं चालायचं. गॅरेजवाले नेतात, पंप दुरुस्त करणारे नेतात, छापखान्यांतून मात्र फक्त रिसोडचा एक नेतो. शेडमध्ये मंदाबाई गाळणीवर फडकं बांधत होती. तिनं मला ओळखलं, उठली, पोतं झटकून बसायला टाकलं. हाताच्या भेगा भरून आल्या होत्या, पण बोलताना मध्येच दम लागत होता.

"मामा येतीन आता," ती म्हणाली. "पन ताई, ते बोलतीन का नाई, सांगता येत नाई."

मामा आले. मला पाहिलं. माझ्यासमोरून जाऊन त्यांनी गाळणी उचलली आणि मंदाबाईला विचारलं, "काय पाह्यजे म्हने तिले?"

"मशीन घेतलं त्यायनं. डबा पाह्यजे."

"धुते कोन?"

"मीच," मी म्हटलं.

"मंदे, इचार तिले, धुते कोन?"

मंदाबाईनं विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मामांनी एक डबा भरून तिच्याकडे दिला, तिनं माझ्याकडे. असं दीड वर्ष चाललं. दर महिन्याला मी जायची, शेडमध्ये बसायची, आम्ही तिघं बोलायचो आणि माझ्याशी बोलणारी मात्र एकटी मंदाबाई. एकदा मी माफी मागितली. ती त्यांनी मंदाबाईमार्फतही घेतली नाही. मला त्यांचा राग कधी आला नाही. त्यांचं रागावणं बरोबर होतं आणि त्या सगळ्या प्रकरणात तेवढंच काय ते बरोबर होतं.

मागच्या महिन्यात त्या बियाणं कंपनीचं एक माहितीपत्रक माझ्या हाती पडलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं, पर्यावरणपूरक छपाई, आणि खाली वाशीमच्या त्याच छापखान्याचं नाव. वर तेच पान, मी टाकलेलं. मी मशीन थांबवलं आणि त्या कंपनीला पत्र लिहायला बसले. पीप, संडास, खिडक्या, सील, मंदाबाई. पाटी मी बनवली होती हे लिहिलं. मला माहीत नाही असं मी म्हणाले होते आणि ते खोटं होतं, हेही लिहिलं. रजिस्टरनं पाठवलं. उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटतही नाही.

या वेळी गेले तेव्हा हे मी मंदाबाईला सांगितलं. तिनं ऐकता ऐकता हातातला डबा खाली ठेवला. मामा पाठमोरे होते, गाळत होते. धार मध्येच थांबली.

"मंदे," ते म्हणाले, "तिले इचार, खाली नाव लिवलं का सोताचं?"

मंदाबाई माझ्याकडे वळली, पण तिनं विचारायच्या आधीच मी म्हटलं, "लिहिलं. पत्ता आणि फोन नंबरही लिहिला."

त्यांनी गाळणी पुन्हा सरळ केली, धार सुरू झाली.

"मंग चहा ठेव तिच्यासाठी," मामा म्हणाले.